काळ्या पडद्याला फुटलेली वाचा

मंडळाच्या अम्गरा येथील मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा बाज शक्य तेवढा तसाच ठेवला आहे.



कार्यकारिणीने मला सांगितलं, "संगणकावर काहीतरी सोपं बोल." सोपं म्हणजे काय हे मात्र कोणी सांगितलं नाही, ते माझ्या पथ्यावर पडलं. एरवी या सत्रात व्हायरस, पासवर्ड आणि मुलांनी मोबाईल किती वेळ बघावा हे विषय होतात. यंदा आपण अम्गरात जमलोय. साल्मिया, अब्बासिया, मंगाफ सोडून आपली मंडळी सहसा इकडे फिरकत नाहीत. इकडे येतं ते लोखंड, लाकूड, नळ, बांधकामाचं सामान आणि भंगार. तेव्हा विषयही इथलाच घेतो. या आजूबाजूच्या गोदामांच्या कचेऱ्यांत जो काळा पडदा असतो, हिरव्या-पांढऱ्या अक्षरांचा, त्याच्याबद्दल बोलतो. त्याला बोलायला कसं शिकवलं, ते सांगतो.

आधी एक छोटा प्रयोग करू. सगळ्यांनी डोळे मिटा. बच्चेकंपनीनेसुद्धा. मी एक पडदा वाचून दाखवतो, संगणक वाचतो तसा:

"उभी रेघ. जीआय एल्बो. उभी रेघ. तीन भागिले चार. उभी रेघ. एकशे वीस. उभी रेघ. सतरा. उभी रेघ. डॅश डॅश डॅश डॅश डॅश डॅश. उभी रेघ. जीआय टी. उभी रेघ. एक. उभी रेघ. चाळीस. उभी रेघ. सतरा."

आता उघडा डोळे. सांगा बघू, एल्बो किती शिल्लक आहेत? कोणी म्हणालं एकशे वीस, कोणी म्हणालं सतरा. एकशे वीस हा नग, दर की फळीचा क्रमांक, हे नुसतं ऐकून कसं कळणार? डोळस माणूस वर मथळा बघतो, सरळ रेषेत खाली येतो आणि अर्ध्या सेकंदात त्याला कळतं. कानाला वर-खाली, डावं-उजवं नसतं. कानाला फक्त आधी आणि नंतर असतं. आजच्या विषयाचं मूळ दुखणं एवढंच आहे.

आता या काळ्या पडद्याची थोडी कुंडली. पूर्वी मोठा संगणक एका खोलीत असायचा आणि लोकांच्या टेबलावर नुसता पडदा आणि कळफलक. त्याला टर्मिनल म्हणत. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजे डेक, या अमेरिकन कंपनीचं व्हीटी १०० नावाचं टर्मिनल १९७८ साली आलं आणि इतकं चाललं की त्याची भाषा हाच पायंडा पडला. ८० रकाने, २४ ओळी. गुणाकार करा, १९२० चौकटी. एका चौकटीत एक अक्षर. पलीकडचा संगणक नुसत्या आज्ञा पाठवतो: पाचव्या ओळीत बाराव्या रकान्यात जा, तिथे हे लिही, आता रंग उलटा कर, आता पडदा पूस.

ती यंत्रं केव्हाच मोडीत गेली. पण त्यांच्या भरवशावर लिहिलेले कार्यक्रम जिवंत आहेत, गोदामांत, बँकांत, कारखान्यांत. मग आपल्या साध्या विंडोज संगणकावर एक प्रोग्रॅम बसवतात, तो पलीकडच्याला सांगतो की मी व्हीटी १०० आहे. हा टर्मिनल एम्युलेटर. मी त्याला बहुरूपी म्हणतो. पोलिसाचं सोंग घेऊन दारात उभा राहतो आणि पलीकडचा त्याला सलाम ठोकतो!

आणि स्क्रीन रीडर? अंध माणसासाठी पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम. त्यातला जॉज बराच जुना, १९८९ पासूनचा, आणि महाग. एनव्हीडीए हा फुकट आणि मुक्त स्रोताचा. तो ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या तरुणाने २००६ साली लिहायला घेतला, पुढे जेम्स टे त्याला मिळाला. दोघेही स्वतः अंध. त्याच्यासोबत येणारा ईस्पीक नावाचा आवाज मराठीसुद्धा बोलतो. जरा नाकात बोलतो, पण बोलतो.

इथे गंमत बघा. डॉसच्या काळात अंध माणसाची या बाबतीत चैन होती. पडद्यावर जे अक्षर दिसे ते संगणकाच्या स्मृतीत ठरलेल्या जागी अक्षर म्हणूनच ठेवलेलं असे. स्क्रीन रीडरने तिथे हात घालायचा आणि वाचायचं. नंतर विंडोज आली, चित्रं आली, बटणं आली. पडद्यावरचं 'अ' हे अक्षर न राहता 'अ'चं चित्र झालं. मग ठरलं की प्रत्येक प्रोग्रॅमने आपल्या खिडकीत काय आहे ते एका मागच्या दाराने स्क्रीन रीडरला सांगायचं. हे बटण, हा मथळा, ही चौकट. विंडोजमध्ये या मागच्या दाराला यूआय ऑटोमेशन म्हणतात. विंडोजची तयार बटणं वापरली तर ही सोय आपोआप मिळते.

टर्मिनल एम्युलेटर मात्र तयार काहीच वापरत नाही. वेगासाठी तो १९२० चौकटी स्वतः रंगवतो. त्यामुळे ज्या प्रोग्रॅममध्ये अक्षरांशिवाय दुसरं काही नाही, तोच स्क्रीन रीडरपुढे मुका. विचारलं तर उत्तर येतं: "खिडकी. रिकामी."

या प्रश्नावर ज्या माणसाने फार आधी आणि फार वेगळा विचार केला तो आपल्या पुण्याचा आहे, हे इथे बऱ्याच जणांना ठाऊक नसेल. टी. व्ही. रामन. नाव दाक्षिणात्य, पण जन्म १९६५ सालचा, पुण्याचा. काचबिंदूने वयाच्या चौदाव्या वर्षी दृष्टी गेली. नौरोसजी वाडिया महाविद्यालयातून गणिताची पदवी, मग मुंबईची आयआयटी, मग अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात १९९४ साली डॉक्टरेट. प्रबंध होता गणिताची समीकरणं बोलून दाखवणाऱ्या प्रणालीवर. तिला नाव दिलं ॲस्टर, आणि हेच त्यांच्या वाटाड्या कुत्रीचंही नाव. अमेरिकेतल्या एसीएम या संस्थेचा प्रबंधासाठीचा पुरस्कार त्याला मिळाला. पुढे ते त्याच डेक कंपनीच्या केंब्रिजमधल्या संशोधन शाळेत गेले आणि १९९५ साली त्यांनी इमॅकस्पीक हा प्रोग्रॅम सर्वांसाठी खुला केला. नंतर ॲडोबी, आयबीएम आणि २००५ पासून गूगल. वाडियाच्या वर्गात गणिताची आकृती फळ्यावर काढली जात असताना हा मुलगा ती डोक्यात कशी मांडत असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो.

इमॅकस्पीकमागचा विचार असा की पडदा वाचूच नका. पडदा ही डोळस माणसाची सोय आहे. प्रोग्रॅमला जे माहीत आहे ते थेट बोला. कॅलेंडर घ्या. पडद्यावर महिन्याच्या चौकटी असतात. साधा स्क्रीन रीडर ओळ वाचणार, "तीन, चार, पाच, सहा, सात." त्यातून काय बोध होणार? पण कर्सर पाचावर असताना प्रोग्रॅमला पूर्ण तारीख आणि वार माहीत असतात. मग तेच बोलायचं: "गुरुवार, अमुक महिन्याची पाच तारीख." इमॅक्स हा मजकूर लिहिण्याचा एक जुना आणि अवाढव्य प्रोग्रॅम आहे. त्याच्या प्रत्येक कृतीला बाहेरून एक शेपूट जोडता येतं. रामन यांनी तेच केलं. मूळ कृतीला हात न लावता तिच्या शेपटीला आवाज बांधला. इमॅक्सच्या पोटात एक टर्मिनल एम्युलेटरही आहे, त्यालाही त्यांनी बोलतं केलं. तिथे मात्र प्रोग्रॅमला फार काही माहीत नसतं. त्याच्या हातात फक्त चौकटी. त्यातून अर्थ काढावा लागतो.

हे सगळं मी का वाचलं? अम्गरातल्या एका गोदामासाठी. कंपनीचं नाव सांगत नाही. नळ, व्हॉल्व्ह आणि त्यांचे जोड यांचा साठा. तिथल्या संगणक प्रणालीची देखभाल माझ्याकडे आहे. तिथे साठ्याचा हिशोब ठेवणारे एक गृहस्थ आहेत, मिरजेकडचे. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही तेच म्हणतो. कुवेतमध्ये बावीस वर्षं. कुठला एल्बो कुठल्या फळीवर, हे पाठ. त्यांना काचबिंदू. तो दुखत नाही, कडेची दृष्टी आधी खातो, आणि माणसाला वाटतं चष्म्याचा नंबर बदलला. गेलेली दृष्टी परत येत नाही, आहे ती थेंबांनी टिकवता येते. चाळिशी उलटलेल्यांनी, आणि घरात कोणाला असेल त्यांनी तर नक्कीच, डोळ्यांतला दाब तपासून घ्या. हे विषयाला सोडून झालं, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.

अण्णांना आता पडद्याचा मधला नाण्याएवढा तुकडा दिसतो. पहिले काही महिने ते तो तुकडा फिरवत फिरवत वाचायचे. मग एक दिवस मालकांनी मला बोलावून सरळ विचारलं, हा माणूस या प्रणालीवर काम करू शकेल का? हो किंवा नाही सांग. पुढचं मला इथे कोणालाच समजावून सांगायला नको. नोकरी गेली की अकामा गेला, अकामा गेला की बावीस वर्षांचं बिऱ्हाड दोन बॅगांत. मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. मालक वाईट नाहीत, त्यांना साठ्याचा हिशोब बरोबर हवा, एवढंच. मी तीन महिने मागून घेतले.

एम्युलेटर मुक्त स्रोताचा होता, म्हणजे आतला कोड उघडून बदलता येत होता. हे नसतं तर माझं भाषण इथेच संपलं असतं. पहिलं काम सोपं, निदान कागदावर. मागचं दार उघडायचं आणि स्क्रीन रीडर विचारेल तेव्हा सांगायचं: ही ओळ, हा शब्द, हे अक्षर, कर्सर इथे. चार शुक्रवार गेले. एनव्हीडीए वाचू लागला. अण्णांनी बाण दाबला, ओळ ऐकू आली. चहा झाला.

आणि मग खरी रड सुरू झाली. आमच्या प्रणालीच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात घड्याळ आहे, सेकंदाचं. नवीन काही आलं की बोल, असं स्क्रीन रीडरला सांगितलेलं. तो बोलू लागला. "चौदा बत्तीस एक. चौदा बत्तीस दोन. चौदा बत्तीस तीन." अण्णा म्हणाले, "ह्यापेक्षा डोळं गेल्यालं बरं की रे!" घड्याळ हे नवीन आहे, पण बातमी नाही. गाडीचा तपशील आला तर ती बातमी आहे. एम्युलेटरच्या लेखी दोन्ही सारखंच: चौकटीतलं अक्षर बदललं. शेवटी नियम असा केला की तीच जागा पुन्हा पुन्हा थोड्या वेळात बदलत असेल तर गप्प राहायचं, विचारलं तरच सांगायचं. ओळी खालून वर सरकत असतील तर मात्र बोलायचं.

तेसुद्धा किती बोलायचं? महिन्याचा अहवाल मागवला की चारशे ओळी धडाधड येतात. डोळस माणूस शेवटची ओळ बघतो. कानाला सगळं ऐकावं लागतं, आणि तोवर दुसरी कळ दाबायची चोरी. व्हीएस कोडसारख्या ठिकाणी जो टर्मिनल वापरला जातो त्याच्या आत एक्सटर्म जेएस नावाचा घटक आहे. त्यांनी वीस ओळींची मर्यादा घातली आहे. त्यापुढे तो सांगतो की मजकूर फार आहे, ओळींवर जाऊन तुम्हीच वाचा. मी ती कल्पना उचलली, पण आकडा अण्णांना विचारून सात केला. कळ दाबली की बोलणं तिथेच तुटलं पाहिजे, हा दुसरा नियम. गप्प बसणं हे बोलण्यापेक्षा अवघड आहे, हे माणसांप्रमाणे प्रोग्रॅमलाही लागू.

तिसरी भानगड प्रतिध्वनीची. टर्मिनलमध्ये तुम्ही 'क' दाबला की तो पडद्यावर उमटत नाही. तो पलीकडच्या संगणकाकडे जातो, तो 'क' परत पाठवतो, मग दिसतो. त्यामुळे कळ दाबताना एकदा आणि परत आल्यावर एकदा असं दोनदा ऐकू येतं. "क क म म ल ल." उपाय असा की दाबलेली अक्षरं लक्षात ठेवायची आणि तीच परत आली की गिळून टाकायची. आता पासवर्ड आठवा. पासवर्ड टाकताना पलीकडचा संगणक काहीच परत पाठवत नाही, म्हणून पडदा कोरा राहतो. संकेतस्थळावर पासवर्डची चौकट वेगळी ओळखता येते, टर्मिनलमध्ये अशी काही खूण नाही. स्क्रीन रीडर दाबलेली अक्षरं लगेच बोलू लागला तर अण्णांचा पासवर्ड गोदामभर! म्हणून नियम उलटा केला. दाबल्यावर बोलायचं नाही, अक्षर पडद्यावर उमटल्यावरच बोलायचं. उमटलंच नाही तर मुकाट राहायचं. एकाच नियमात दोन्ही प्रश्न सुटले. ही युक्ती एनव्हीडीएवाल्यांचीच आहे, मी फक्त शिकलो.

चौथी गोष्ट मला सगळ्यात आवडली. आमच्या प्रणालीत यादीतून माल निवडताना निवडलेल्या ओळीचा नुसता रंग उलटा होतो. कर्सर मात्र पडद्याच्या तळाशी पडून असतो. स्क्रीन रीडर कर्सरच्या मागे जातो, म्हणजे अण्णा बाण दाबत आहेत, यादी सरकते आहे आणि ऐकू येतंय तेच तळाचं वाक्य. तेव्हा रंग उलटा झालेली ओळ शोधून ती बोलायची. लिनक्सच्या कर्नलमध्ये स्पीकअप नावाचा जुना स्क्रीन रीडर आहे, त्यात ही सोय आहे.

आणि रेघा. डॅश डॅश डॅश तुम्ही मघाशी ऐकलंच. सलग रेघा आल्या की एकदाही बोलायचं नाही, उभी रेघ म्हणजे नुसता छोटा विराम. पण प्रत्येक आकड्याआधी वरचा मथळा बोलायचा, "शिल्लक, एकशे वीस. फळी, सतरा." हे रामन यांच्या वाटेने जाणं झालं. यासाठी आमच्या प्रणालीचे पडदे कोणते आणि कुठल्या रकान्यात काय, हे एम्युलेटरला शिकवावं लागलं. सगळ्या जगासाठी करता येण्यासारखं नाही, एका गोदामापुरतं करता येतं.

आपल्या भाषेचाही एक किस्सा सांगतो. मालाच्या शेऱ्यात अण्णा कधीकधी मराठीत टिपण ठेवतात, बाकीच्यांना कळू नये म्हणून. टर्मिनलमध्ये देवनागरी म्हणजे नुसता अपघात असतो. एक चौकट एक अक्षर हा हिशोब इंग्रजीचा, आपल्या वेलांट्या एकीकडे, जोडाक्षरं दुसरीकडे. "प्लास्टिकचा पट्टा" वाचताना डोळस माणसाची दमछाक होते. पण आत अक्षरांचा क्रम शाबूत असतो, आणि आवाज त्या क्रमावर चालतो. मला जे मोडकं दिसत होतं ते अण्णांना नीट ऐकू येत होतं. त्या पडद्यावर मराठी वाचणारा कचेरीतला सगळ्यात वेगवान माणूस म्हणजे अण्णा, आणि याचा त्यांना कोण आनंद! अरबी नावांसाठी मात्र आवाज बदलावा लागतो, ते अजून अडखळतं.

अण्णा पहिल्या दिवशी म्हणाले होते, "ह्येला जरा दमानं बोलाय सांग की." पाच आठवड्यांनी स्वतःच वेग वाढवून मागितला. आता त्यांच्या संगणकावरचा आवाज इतका पळतो की मला एक शब्द कळत नाही. एका कानात तो, दुसऱ्या कानाने गोदाम. तीन महिने संपल्यावर मालकांनी दहा गाड्यांची नोंद त्यांच्यासमोर करून घेतली. दहाव्या गाडीत पुरवठादाराच्या कागदावरच दोन नग जास्त लिहिलेले होते, ते अण्णांनी पकडले, कारण त्यांना शिल्लक तोंडपाठ होती. अकाम्याचं नूतनीकरण झालं. वर्षापुरतं.

हा सुखान्त वाटत असेल, तर थोडं पाणी ओततो. अशी सोय एकदा झाली की कायमची झाली, असं होत नाही. लिनक्सवरच्या ग्नोमचा टर्मिनल वर्षानुवर्षं स्क्रीन रीडरशी बोलत होता. पुढे त्याच्या खालचा पाया नव्याने बांधला, जीटीके ४, आणि त्या पायात मजकूर बोलण्याची सोयच नव्हती. ती २०२४ मध्ये ४.१४ या आवृत्तीत परत आली. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये नवा विंडोज टर्मिनल जाहीर केला, त्यातही अक्षरं स्वतःच रंगवायची, म्हणून हे मागचं दार वेगळं बांधावं लागलं. घर नव्याने बांधताना उतरंड आधी पाडतात आणि शेवटी बांधतात, तसं हे आहे. आमच्या एम्युलेटरची नवी आवृत्ती आली की माझे बदल पुन्हा बसवावे लागतात. मी उद्या कुवेत सोडलं तर कोण बसवणार, हे मालकांनी विचारलेलं नाही, अण्णांनी मात्र विचारलं. म्हणून सगळं लिहून ठेवलंय, आणि गोदामातल्या एका केरळी मुलाला शिकवलंय. तो माझ्यापेक्षा चलाख निघाला.

ज्यांना हे घरी करून बघायचं आहे त्यांनी विंडोजवर कंट्रोल, विंडोजची कळ आणि एंटर एकत्र दाबा. नॅरेटर सुरू होईल, तीच कळ पुन्हा दाबली की बंद. पडदा बंद करून एक ईमेल पाठवून बघा. मुलांना हा खेळ फार आवडतो, माझ्या भाचीने दहा मिनिटांत जमवलं, मला पाऊण तास लागला होता.

आता उरलंय ते हातातलं स्कॅनर. गोदामात फिरून माल मोजायचं यंत्र. त्याच्या आतही टर्मिनलच आहे, पण पडदा पत्त्याच्या पानाएवढा आणि एम्युलेटर बंद स्रोताचा. उघडून बघता येत नाही. अण्णा मोजणीला फळ्यांमधून फिरतात ते अजून दुसऱ्याला सोबत घेऊन. ब्राउझरमध्ये चालणारा टर्मिनल त्या यंत्रावर बसवता येतो का, हे मी बघतोय. यंत्र एक मिळालंय, त्याची बॅटरी मात्र दीड तासात संपते.